दादाची साक्ष

ज्या पोरानं आयुष्यात काहीच वाईट केलं नाही, त्याला तुमच्या स्टेजवर माईक मिळतो का? — नाही, आधी याचं सांगा, मग बाकीचं बोलू. तुमच्या पास्टरांना विचारलं, त्यांनी खांद्यावर हात ठेवला. त्या गिटारवाल्याला विचारलं, तो म्हणाला प्रार्थना करू या. दफनभूमीच्या फाटकात ओरडून विचारलं, तर कुणीतरी पाण्याची बाटली हातात दिली. आता तुम्ही आलाय. बसा — तिथं नको, तो दादाचा पलंग आहे, खुर्ची घ्या. आणि मला ब्रदर म्हणू नका. मी एकाचाच भाऊ होतो.

हे काय, फोन चालू ठेवलाय? रेकॉर्ड करताय? — उलटा ठेवू नका, बंद करा. हां. तुमच्या लोकांचं सगळं असंच, आधी हसतील, मग फोन काढतील. आणि ही पँट — गुडघ्यावर फाटलेली, विकतच अशी घेतली ना? माझीही फाटलीये, ही बघा, फ्रिज जिन्यानं चढवताना. टोपी उलटी घातली की पोरं घडाघडा बोलतात, असं शिकवतात का तुम्हाला? काय म्हणालात — शहरातला तरुण समजून घ्यायचाय? घ्या की. तुमच्या आधीचाही हेच म्हणत आला होता.

तो गिटारवाला. आमची पोरं पार्किंगच्या खालच्या मजल्यावर नाचायची — वर छप्पर, आवाज बाहेर जात नाही, कुणाच्या डोक्याला ताप नाही. मी ज्या दुकानात माल उतरवतो तिथले फ्रिजचे खोके फाडून, सपाट करून न्यायचो, त्यावर डोकं टेकवून दादा भिंगरीसारखा फिरायचा. स्प्रिंग म्हणायचे त्याला. केस निळे, कानात बाळी — आणि घरी आला की आईचे पाय चेपत बसायचा, कारण आई हॉटेलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करते, दिवसभर उभी. नशा? अहो, सिगरेटचा धूर आला तरी तो गाणं बंद करायचा आणि ओढणाऱ्याला बाहेर हाकलायचा. पण गिटारवाल्यानं निळे केस बघितले आणि त्याचं ठरलंच — हा बिघडलेला, याला वाचवायचा.

माणूस वाईट नव्हता, खोटं कशाला बोलू. आमच्यासोबत खाली बसायचा. एकदा नाचायला गेला आणि तोंडावर आपटला, सगळे हसले, तोही हसला. दादा त्याच्याबरोबर तुमच्या शुक्रवारच्या मीटिंगला जायला लागला. मीही जायचो — मागं, दाराजवळ. मला काही पडलेली नव्हती, गाणी बरी असायची, एवढंच. अजूनही शुक्रवारी तिकडून गेलो की थांबतो थोडा, बाहेरच... ते जाऊ द्या. ते कशाला सांगतोय मी तुम्हाला.

साक्ष! तुमच्यात ती साक्ष द्यायची असते ना — स्टेजवर उभं राहून सांगायचं, आधी मी असा होतो, मग प्रभू भेटला, आता असा झालोय. दादाला सांगितलं, मोठा कार्यक्रम आहे, शहरभरातली पोरं येणार, तू दे. दादानं आधी मला म्हणून दाखवली. काय होतं तिच्यात? मी नाचतो, इथं आलो की बरं वाटतं, प्रार्थना केली की झोप लागते. संपलं. आणि ते खरं होतं, बरं का, तो झोपताना पुटपुटायचा, मी ऐकायचो. पण गिटारवाला म्हणाला — मी तिथंच खुर्च्या मांडत होतो — म्हणाला, छान आहे रे, पण यात 'आधी'चं काहीच नाही, अंधार कुठाय? असेल काहीतरी, आठव. आणि आमचा येडा खरंच आठवत बसला! मला विचारतो, "छोट्या, मी कधी चोरी केलीय का रे?" मी म्हटलं, माझी बनियन घालून हिंडतोस, ती धर. इतके हसलो, इतके हसलो, की आई आतून ओरडली.

आणि स्टेजवर काय बोलला? गोळ्या घ्यायचो, सुया टोचून घ्यायचो, आईच्या पर्समधून पैसे काढायचो. हॉलभर टाळ्या, मग रडारड. दादाही रडला — त्यालाच ते खरं वाटायला लागलं होतं बहुतेक. घरी येताना म्हणतो, "त्या पोरांना आशा मिळते रे, माझं काय जातंय? हे खोटं होतं ते तू आईला बोलू नको, सगळेच खोटे पडतील." त्याचं काय जातंय! पार्किंगच्या पोरांनी बोलणं टाकलं — आम्हालाही गर्दुल्ले केलंस का, म्हणाले. आणि आई तर पहिल्या रांगेत बसली होती. तिनं त्याला जवळ घेतलं नुसतं. म्हणाली, मला कळलंच नाही रे, मी चादरीच बघत राहिले.

मग त्याचं पोट दुखायला लागलं. घाम, थरथर, उलट्या. मी माल घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला, आईच घेऊन गेली हॉस्पिटलात. डॉक्टर म्हणाले, हा काही घेतो का? आईनं तिला जे खरं वाटत होतं ते सांगितलं — घ्यायचा साहेब, आता सोडलंय. झालं. त्यांना वाटलं, सोडल्याचाच त्रास होतोय. झोपेचं इंजेक्शन देऊन कोपऱ्यातल्या खाटेवर टाकला. अपेंडिक्स होतं. आतल्या आत फुटलं. वेळेवर कापलं असतं तर चालत घरी आला असता — नर्सला गाठून मीच काढून घेतलं हे तिच्याकडून.

आणि आता त्या साक्षीचा तुम्ही काढलेला व्हिडिओ पुन्हा दाखवायचाय तुम्हाला! त्याच्या आठवणीत, नव्या पोरांसमोर, घरच्यांच्या परवानगीनं. नाही. नाही म्हणजे नाही. त्यापेक्षा तुम्ही उभे राहा आणि सांगा, हा पोरगा चांगला होता, आधीपासूनच चांगला होता. सांगाल? — बघा, खाली बघायला लागलात. काय? आईला माहीत आहे का? हळू बोला. कसं सांगू तिला? तिला वाटतंय, जुन्या नशेनं आतून पोखरला होता म्हणून गेला, पण सुधारून गेला, प्रभूला भेटून गेला. तेवढ्यावर तिच्या घशाखाली घास उतरतो. त्यानं कधी काही घेतलंच नव्हतं हे कळलं, तर डॉक्टरांपुढं आपण काय बोललो ते आठवेल तिला. मग? मग मला दोघांना पुरावं लागेल.

थांबा — जिन्यात तीच आहे. डोळे पुसा. पुसा म्हणतो ना!

ये आई. दे ती पिशवी इकडं. — चर्चमधून आलेत, नवीन आहेत. — हो, दादासाठीच. — हो गं, तोच व्हिडिओ, त्याची साक्ष, मोठ्या पडद्यावर. ते विचारत होते घरच्यांची हरकत नाही ना. मी म्हटलं, हरकत कसली, दाखवा. सगळा दाखवा. — रडू नको, बस. ते निघालेच आहेत. — निघा.