एकच चूल सांगितली

गेल्या सोमवारी, नऊ तारखेला, मी दारात मेथीच्या जुड्या बांधत बसले होते, तेव्हा पाण्याच्या टाकीवर यादी लागली. कसली यादी ते सांगते, पण आधी आमचं ऐका. माझं माहेर कळवणकडचं, लग्न होऊन नाशकात आले ती या नाल्याकाठच्या वस्तीत, आणि भाजी विकत इथलीच झाले. घर एक, मधे पत्रा. अलीकडे आम्ही चौघं, पलीकडे धाकटी जाऊ सुनंदा, तिचा नवरा, दोन मुली. पत्रा ठोकला त्या दिवसापासून चुली वेगळ्या. तिचं तिखट आम्हाला सोसत नाही, आमचं तिला अळणी लागतं, एवढंच भांडण.

तर दोन वर्षांमागं एक बाई मोजणीला आली. मावशी, घरात चुली किती? आता काय सांगू तुम्हाला, सरकारी माणूस चुली मोजायला लागला की आमच्या वस्तीत उत्तर ठरलेलं, एक. दोन सांगितल्या तर घरपट्टी दोन, नळाचं बिल दोन, असंच आम्ही धरून चालतो. म्हटलं, एकच, सगळे एका ताटात जेवतो. पत्र्यामागून सुनंदा म्हणाली, अक्का, मी बोलू का? म्हटलं, तू भाकरी बघ. मोजणी कशाची ते त्या बाईनं सांगितलंही असेल, माझं लक्ष तिच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर, खरं की खोटं.

मोजणी घरांची होती. झोपड्या पाडून तिथंच इमारत, दर चुलीला एक घर, उरलेल्या जागेवरचे फ्लॅट बिल्डर विकणार, त्यात आमचा खर्च निघणार म्हणे. मला अजून पटत नाही. मी गिऱ्हाइकाला कोथिंबिरीची काडी फुकट देते, ती मेथीच्या भावात धरलेली असते.

यादीत आमच्या दोन चुलींना मिळून घर एकच, माझ्या नवऱ्याच्या नावावर. सुनंदा यादी वाचून आली नि म्हणाली, अक्का, एका ताटात जेवतो म्हणालात, ताट तुम्हीच उचललं की.

हरकत घ्यायला पंधरा दिवस होते. संध्याकाळी वस्तीतला पुढारी आला, काकू, गप्प राहा, हरकत घेतली तर तुमचंही घर चौकशीत अडकेल. नवरा म्हणाला, बरोबर बोलतो तो. बोलत असेल, पण न विचारता जो माझ्या भल्याचं सांगतो, त्याच्यावर माझा पहिला संशय. एक घर कमी झालं तर ते कुणाकडं जातं, हे विचारल्यावर त्याला एकदम फोन आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाजीची पाटी भरली नाही. दोघींची गॅसची पुस्तकं घेतली, सुनंदाला घेऊन यादीवाल्या ऑफिसात गेले आणि लिहून दिलं, मोजणीच्या दिवशी मी खोटं सांगितलं, आमच्या चुली दोन आहेत. साहेब म्हणाले, बाई, हे तुमच्या अंगाशी येईल. म्हटलं, येऊ द्या, शिक्का मारा. शिक्का मारलेली पोहोच मी सुनंदाच्या हातात दिली. तिनं ती तिथंच उभं राहून दोनदा वाचली, मग साहेबांना विचारलं, अक्कांनी तुमच्याकडं लिहून दिलंय तेच आहे ना यात? मला राग नाही आला. मीही विचारलं असतं.