बार्सिलोनाच्या आजीबाई

सुट्टीत बार्सिलोनाला राहायचं कुठे, यावरून अमेरिकेतल्या ट्रॉयच्या आमच्या घरात आठवडाभर नुसती धमाल चालली होती, यार! शहाऐंशी सालची गोष्ट. मला समुद्रासमोरचं हॉटेल हवं होतं. माझ्या बायकोला, सुनीताला, हवी होती जुन्या शहरात एका आजीबाईंच्या घरातली खोली, कारण आम्ही शाकाहारी आणि तिथे स्वयंपाकघर होतं. शेवटी शनिवारी सकाळी आजीबाईंना फोन लावला. त्यांना इंग्लिश येईना, म्हणून हायस्कूलमध्ये स्पॅनिश शिकणारी आमची लेक नेहा बोलायला बसली.

मी म्हटलं, "विचार, खिडकीतून समुद्र दिसतो का?"

"शी सेज नो, बाबा. फक्त गच्चीवरून."

मी खूश! म्हटलं, झालं, हॉटेल पक्कं! तेवढ्यात सुनीता म्हणाली, "आणि मी तिथे स्वयंपाक केला तर चालेल का, विचार."

नेहाने विचारलं. पलीकडून आजीबाई अशा काही ओरडल्या, की मला सोफ्यावर ऐकू आलं. सुनीताचा चेहराच पडला.

"रागावल्या का गं?"

नेहा हसत सुटली. "नो, आई! शी इज सो हॅपी! म्हणते, रोज कर, पण माझ्यासाठीपण कर. तिला कित्येक वर्षांत कोणी जेवायला वाढलेलंच नाही."

मी हॉटेलचा नाद सोडला. म्हटलं, "सांग, येतोय आम्ही. आणि विचार, तिखट चालतं का?"