घरीच बंद पडणारा टीव्ही

सिल्लोडच्या एसटीत रूपाच्या पुढच्या सीटवर टीव्ही दुरुस्त करणारा पुंडलिक एक जुना, जड टीव्ही मांडीवर घेऊन बसला होता. शेजारी टीव्हीच्या मालकीणबाई.

“दुकानात चार दिवस नीट चालला ना? मग तुम्ही कशाला येताय?”

“तुमच्या घरीच बंद पडतो ना मावशी? मग घरीच बघावा लागंल.”

“अन् नाय पडला तर?”

“पडंस्तोर बसतो. दोन वेळचा डबा आणलाय.”

“धा वाजता पडतोच. गिरणी सुरू झाली, दिवे मंद झाले, की लगेच.”

“हे आधी सांगितलं नाय तुम्ही.”

“तुम्ही टीव्हीचं विचारलं. गिरणीचं कुठं विचारलं?”

“कुणाची हाय गिरणी?”

“माझीच.”

रूपानं तोंडाला पदर लावला.

“मग आज दळण थांबवू नका, मावशी. टीव्हीला गिरणीची सवय लावूनच उठतो.”