चारातलं एकही नाही

...आणि उत्तर चारातलंच पाहिजे म्हणे! पाचवं असेल तर ते पोटात ठेवा. तुम्हाला सांगतो, नात माझी, रुचिका, गोंदियाला एम.एड. करून राहिली, हुशार आहे, पण त्या दिवशी तिच्या अभ्यासाच्या प्रश्नांचा फॉर्म घेऊन समोर बसली आणि मी, दुसरीही पूर्ण न केलेला माणूस, घामाघूम झालो. लोकांनी शाळा काऊन सोडली, असा तिचा अभ्यास. तिच्या कॉलेजातल्या सरांनी फॉर्म दोनदा परत केलेला, तिसऱ्यांदा परत आला तर पोरीचं वर्ष गेलं. मग आधी कोणावर तरी आजमावून पाहा म्हणाले, आणि घरात रिकामा कोण, तर मी, बकाराम. पण विचारत होती हो पोरगी. मला विचारत होती.

पहिला प्रश्न काय, तर 'शिक्षण गरजेचं आहे असं तुम्हाला वाटत नाही का?' आता याला नाही कोण म्हणेल? म्हटलं, "वाटते."

"पूर्ण सहमत, सहमत, तटस्थ, का असहमत?"

"तटस्थ म्हणजे?"

"म्हणजे मधात, आबा."

"मधात कायले राहू बाई, तू म्हणशील तिकडे येतो."

मग म्हणे, 'शाळेची इमारत आणि शिक्षक चांगले होते का?' इमारत गळत होती, गुरुजी चांगले होते. हो म्हणावं तर छप्पर खोटं पडते, नाही म्हणावं तर गुरुजीला लागते... चुलीपासून आमची बायको देवकाबाई ओरडली, "हो म्हणून टाका ना, पोरीचं काम होते." म्हटलं, हो. पुढंही हो. कागद घेऊन आलेल्या माणसाला आमच्या देवरीकडे कोणी नाही म्हणत नाही, त्याला चहा देतात आणि हो म्हणतात.

रुचिकानं पेन खाली ठेवला. "आबा, तुम्ही सगळ्यालेच हो म्हणून राहिले. असे तीनशे लोकांचे हो घेऊन मी काय करू?" डोळे भरले होते तिचे. पण विचारत राहिली, बरं का, उठून नाही गेली.

"हा शेवटचा. शाळा काऊन सोडली? गरिबी, अंतर, नावड, घरकाम. एक निवडा."

या खेपेला हो म्हणायची सोयच नव्हती. गरिबी म्हणावं तर घरी धान होतं. अंतर म्हणावं तर शाळा वाडीला लागून. नावड तर नाहीच, पाढे मला आवडत. घरकाम करायला मोठे भाऊ होते. म्हटलं, "बाई, यात माझं नाही."

"मग काय झालं होतं, आबा?" हे तिनं कागद न पाहता विचारलं.

आणि मी सांगितलं. मोहफुलाच्या दिवसांत मायसोबत पंधरा दिवस जंगलात गेलो, फुलं वेचली. परत आल्यावर शाळेच्या दारात उभा राहिलो. वाटलं, कोणी म्हणेल, कुठं होता रे? गुरुजींनी पाहिलं आणि आत गेले... वाईट नव्हते हो ते, सत्तर पोरं होती त्यांच्याजवळ. दुसऱ्या दिवशीही उभा राहिलो. तिसऱ्या दिवशी नाही गेलो. घरीही कोणी विचारलं नाही. बस, इतकंच.

देवकाबाई दारात येऊन म्हणाली, "हे मले कधी नाही सांगितलं तुम्ही."

"तू विचारलं कधी?"

पोरीनं ते चारही पर्याय खोडले आणि तिथं तीन रिकाम्या ओळी आखल्या. इमारत वेगळी केली, गुरुजी वेगळे केले. 'वाटत नाही का' काढून टाकलं. आणि खाली नवा प्रश्न लिहिला, 'शाळा सुटली तेव्हा कोणी विचारपूस केली काय?' सोमवारी सरांनी फॉर्म पास केला. साठ वर्षांनी का होईना, विचारलं हो कोणीतरी मला, आणि ऐकून कागदही बदलला. पोरीचे उपकार आहेत माझ्यावर.

नवा फॉर्म छापून आला त्या दिवशी मी धुतलेलं धोतर नेसून ओट्यावर तयार बसलो. रुचिका म्हणाली, "आबा, ज्याच्यावर फॉर्म आजमावला, त्याले मोजणीत घेता येत नाही. नियम आहे." पहिला नंबर शेजारच्या शालीकरामचा लागला. तोही दुसरीतूनच सुटलेला. तुम्हाला सांगतो, माझ्याच ओट्यावर, माझ्याच खाटेवर बसून तो दोन तास बोलत राहिला, आणि मी उठून त्याच्यासाठी चहा आणायला आत गेलो.