बुंध्याजवळचा काप

आम्ही मूळचे खानापूर तालुक्यातले, जंगलाच्या कडेचं गाव, घरात मराठी आणि दारात कन्नड. वडील सुतार. हात देवाचा आणि राग राक्षसाचा, असा माणूस. रंधा वाकडा चालला की हातात असेल ते पाठीत बसायचं, वाकसाचा दांडा म्हणू नका, पट्टी म्हणू नका. आई मध्ये पडली की तिलाही. मार खाल्ल्याशिवाय लाकूड कळत नाही, असं म्हणायचे. काय सांगू तुम्हाला, मला लाकूड कळलं की नाही माहीत नाही, पण मारायचं कसं ते मात्र चांगलं कळलं.

ते गेल्यावर मी बेंगळूरला आलो आणि मागोमाग धाकट्या भावाला आणलं, मारुतीला. तो मला अण्णा म्हणतो. हेब्बाळला पत्र्याची शेड घेतली, सुरुवातीला प्लायवूडची कपाटं केली, सगळीकडे तीच पांढरी कपाटं. मग हवा बदलली. आता लोकांना खरं लाकूड पाहिजे, आणि तेही झाडासारखं दिसणारं. कड सरळ करायची नाही, साल काढायची पण बाक तसाच ठेवायचा, गाठ झाकायची नाही, भेग पडली तर तिच्यात काळं रेझिन ओतायचं. इंदिरानगरच्या हॉटेलांत अशी टेबलं बघा, एका फळीवर वीस माणसं जेवतात. कामं देणाऱ्या एक आर्किटेक्ट मॅडम होत्या, चांगल्या बाई, त्यांच्यामुळे आमची शेड चालली. वळवाच्या वाऱ्यात इथं झाडं पडतात, कोणाच्या खाजगी आवारात पडलं की मालक बोलावतात, आम्ही रीतसर घेतो, कापतो, सुकवतो.

लाकूड शांत असतं असं लोक म्हणतात. हात फिरवून म्हणतात, किती शांत वाटतं. खोटं आहे ते. पडलेलं झाड म्हणजे ताणलेली गोफण. मुळं मातीतून उपटून भिंतीसारखी उभी राहतात, खाली खड्डा पडतो, आणि त्या मुळांना वर ओढून धरलेलं असतं ते फक्त खोडाच्या वजनानं. खोड कापलं की मुळांची भिंत परत खड्ड्यात बसते. म्हणून आमच्या वडिलांची रीत, बुंध्याला दोन हात लाकूड सोडून कापायचं. मातीचा वाटा म्हणायचे त्याला. तेवढं वजन राहिलं की बुंधा एकदम उसळत नाही. पण त्यांनी कधी असं समजावून सांगितलं नाही हो, नुसतं मारून शिकवलं. मला वाटायचं, नैवेद्यासारखं काहीतरी असेल.

मल्लेश्वरमला एका जुन्या बंगल्याच्या आवारात रेनट्री पडलं, एवढं मोठं की कंपाउंड दाबून पार रस्त्यावर. मॅडम आल्या, म्हणाल्या, मला अखंड फळी हवी, आणि बुंध्याजवळ खोड पसरतं ना, तो पसारा फळीत आला तर काय दिसेल, पण अवघड असेल तर राहू दे. राहू दे म्हणाल्या होत्या, त्यांना दोष नाही. मीच म्हटलं, होतंय की मॅडम, आम्ही कशाला आहोत.

मारुती म्हणाला, अण्णा, वाटा सोडू या. मी म्हटलं, नारळ फोडलाय, अजून कसला वाटा, त्या दोन हातांतच तर सगळं सौंदर्य आहे. तो म्हणाला, मग बुंधा साखळीनं बांधू, स्वल्प, जरासा थांब. मजूर ऐकत होते, मॅडम फाटकाजवळ होत्या. मी फाडकन त्याच्या तोंडात मारली. तीस वर्षांच्या, लग्न झालेल्या माणसाच्या. म्हटलं, मला शिकवतोस? तो गालावर हात ठेवून म्हणाला, सरी, बरं, आणि पहार घेऊन खड्ड्यात उतरला. बुंध्याची माती काढायला हो, मातीत करवतीची साखळी चालली की तिची धार जाते. ते काम नेहमी त्याचंच.

मी मशीनची करवत चालू केली. ऊठ म्हणून ओरडलो, मला आठवतं मी ओरडलो, पण त्या आवाजात मलाच माझं ऐकू आलं नाही, आणि तो बाहेर आला का हे मी वळून बघितलं नाही. रागात होतो. शेवटचा काप सुटला आणि बुंधा उठला. बसला नाही, उठला आणि आदळला. पायाखालची जमीन हलली. धूळ खाली बसायच्या आत किंकाळी आली, आणि ती थांबली ते जास्त वाईट. मजूर हातांनी माती उकरत होते, मी मुळं तोडत होतो, लाल चिखल की रक्त कळत नव्हतं. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली राहिलाच नव्हता.

फळी अप्रतिम निघाली. मॅडम रडल्या, म्हणाल्या, मला नको ती. पण मारुतीनं दवाखान्यातून निरोप पाठवला, द्या, नाहीतर कशासाठी गेला पाय. ती बसवली, आणि मशीन मी कुलपात टाकली.

आता खरी गोष्ट ऐका. मारुती कृत्रिम पाय लावून शेडवर येतो आणि म्हणतो, मला मशीन दे, कापायचं काम मी करणार. मी त्याला पॉलिशला बसवलं, सावलीत, पंख्याखाली. त्याच्या हातात ती मशीन मला बघवणार नाही हो. वर्षभर हेच. गेल्या आठवड्यात इथंच, हेब्बाळला, एका आवारात आंबा पडला, आणि मी ते काम नको म्हणून फोन ठेवला. मारुतीनं ऐकलं. उठला, कुबडी उचलली आणि माझ्या तोंडावर हाणली. हा बघा दात. पॉलिशचे डबे भिंतीवर फोडले, कुलपावर हातोडा घातला, मी धरायला गेलो तर दुसरा फटका खांद्यावर. त्याची बायको सुजाता डबा घेऊन आली होती, ती किंचाळली, पण आई मध्ये पडायची तसं नाही, ती बाजूलाच उभी राहून म्हणाली, मारू दे त्याला, इतके दिवस दाबून ठेवलंय. मारुती ओरडत होता, पाय तू घेतलास, आता हात पण घेतोस? मला सावलीत बसवून कुणाचं पाप फेडतोस, माझं की तुझं?

मी किल्ली काढून दिली.

आज सकाळी तो आंबा कापला. मारुतीनं बुंधा साखळीनं बांधला, दोन हात सोडून खूण केली. मग मला म्हणाला, अण्णा, त्या फाटकापाशी जाऊन उभा राहा, मी बोलावल्याशिवाय हलायचं नाही. मोठा भाऊ म्हणून मी कधी त्याचं ऐकलेलं नाही. गेलो. मशीन सुरू झाली तसा फाटकाचा गज धरून उभा राहिलो, डोळे मिटावेसे वाटले पण मिटले नाहीत. काप सुटला. बुंधा नुसता करकरला आणि जागेवर राहिला. मशीन बंद करून मारुतीनं आधी सगळे मजूर मोजले, मग माझ्याकडे बघितलं. ये, म्हणाला.

माफ केलं असं तो म्हणाला नाही, मी विचारलंही नाही. त्याचे हात सुखरूप राहोत, एवढंच मागतो.