पाव्हन्याची बोंब

जमलेल्या मायबहिणींनो, भाऊबंदांनो, आणि राजस्थानातून दोन गाड्या बदलून आलेल्या गंगावहिनी,

मी या गावचा पोलीस पाटील. सभा भरली की पहिला मी बोलतो, सवयच आहे तशी. आज मात्र तोंड उघडवत नाही. सरपंच म्हणाले, तुम्हीच बोला. बरोबर आहे. मीच बोललं पाहिजे.

वहिनी, तुमचा किसनलाल गेला. नाव ऐकून मागे काहीजण एकमेकांकडे बघताहेत. अहो, आपला पाव्हना! तापीच्या वाळूत डांगराचे, म्हणजे खरबुजाचे वेल लावायला तो पहिल्यांदा आला, तेव्हा माझ्या वडिलांनी घरात हाक दिली, "पाव्हनाले पानी दे व." तेच नाव पडलं. दर उन्हाळ्यात त्याची गोड डांगरं आपण खाल्ली आणि खाता खाता त्याचीच थट्टा केली.

त्याची झोपडी वाळूत, आपल्या नदीवरच्या पाण्याच्या मोटारींच्या शेजारी. काठावर जरा चाहूल लागली की ओरडायचा, "कोन शे रे?" कुत्रं आलं तरी तेच. मीच एकदा म्हटलं होतं, "पाव्हना, तुन्ही बोंब बंद कर, कान दुखी ऱ्हायनात." तो हसला. बोंब काही थांबली नाही.

मग वरच्या शिवारातल्या विहिरींवरून मोटारींच्या केबली चोरीला जायला लागल्या. गाव तापलं. ग्रामसभेत ठरलं, बाहेरच्यांनी नदीकाठी राहायचं नाही, ठाण्यात नोंद असल्याशिवाय गावात फिरायचं नाही. पहिला हात कुणी वर केला? मी. "बाहेरचे गेले की चोऱ्या थांबतील," हे शब्दही माझे. आणि झोपडीसमोर उभं राहून "कथाईन उना तू?" असं, कुठून आलास म्हणून त्याला दरडावणाराही मीच. ज्या घरात त्याला पहिलं पाणी मिळालं, त्या घरातला माणूस. तो झोपडीचे बांबू उपटायला लागला. वेलांकडे बघून एवढंच म्हणाला, "पाटील, येल तं राहू द्या."

चोऱ्या थांबल्या का? सांगा ना, थांबल्या का? आधी वरच्या शिवारात व्हायच्या, मग नदीवरही व्हायला लागल्या. तिथे ओरडणारंच कुणी उरलं नव्हतं. चोर इथले की बाहेरचे, मला आजही ठाऊक नाही. पाव्हना हलला आणि चोर हलले नाहीत, एवढं मात्र ठाऊक आहे.

पाव्हना हायवेच्या कडेला पाल टाकून राहिला. रोज सकाळी वेलांना पाणी द्यायला रस्त्याने चालत यायचा. एकदा बोलता बोलता म्हणाला, काठावर पिकअप उभी होती, माणसं केबल ओढत होती. मी चिडलो. तेव्हाच का नाही सांगितलंस? तो खाली बघत म्हणाला, "सांगाले येऊ तं पहिले मन्हंच नाव लिखशात."

आपणच त्याचं तोंड बंद केलं, आणि वर त्यालाच विचारतो, का बोलला नाहीस.

मागच्या आठवड्यात त्याच रस्त्यावर ट्रकने त्याला उडवलं. ट्रकवाला धरला गेला, ठीक आहे. पण पाव्हन्याला त्या रस्त्यावर नेऊन कुणी टाकलं होतं? वहिनी, मी. दुसऱ्या कुणी सांगण्याआधी मी सांगतोय. माफ करा म्हणायचीही हिंमत होत नाही. तो ठराव मागे घ्या, असं मी सरपंचांना सांगितलंय. फार उशिरा सांगितलं, हेही कळतं.

त्याच्या वेलांना अजून डांगरं लागताहेत. पाणी मी देतोय.

आता सगळे उभे राहू या. अशा वेळी दोन मिनिटं शांत राहायचं असतं. राहू. पण कान नदीकडे लावा. "कोन शे रे?" ऐकू येतंय का? नाही येणार. बोंब बंद कर, असं मीच त्याला सांगितलं होतं.

पाव्हना, राम राम.