पुढे पळणारा बाप

...आणि वर मलाच विचारतात! आयुष्यात कधी एस.टी. पकडायलासुद्धा धावले नाहीत असले लोक नाक्यावर चहा फुंकत मला विचारतात, "काय हो सहदेवराव, एक सैनिक तयार करायला सरकारला केवढा खर्च येतो, काल टीव्हीवर सांगत होते, ऐकलंत का?" ऐकलं ना! टाय लावलेला एक माणूस आकड्यांवर आकडे टाकत होता. बुटांचा खर्च, बंदुकीचा खर्च, गोळ्यांचा, तंबूंचा, शिकवणाऱ्यांचा, खाण्याचा... मी बसलो शेवटपर्यंत. म्हटलं, आता बापाचा येईल, आता बापाचा येईल... जाहिरात आली! बापाचा खर्च कुठे धरलेलाच नाही! यांना वाटतं सैनिक भरतीच्या मैदानावरच उगवतो, सकाळी दव पडलं की वर येतो, अळंबीसारखा. असो. मला काही वाटत नाही.

तुम्हाला सांगतो, आमचं मूळ गाव मंडणगडाकडचं. तिकडे घरटी एक फौजी आणि घरटी एक पेन्शन. बुद्धपौर्णिमेला आमच्या विहारात म्हातारे पदकं लावून बसायचे, पंखा सुरू झाला की सगळा खुळखुळाट, वंदना ऐकू यायची नाही. आजोबा फौजेत, चुलते फौजेत, आणि त्यांच्यात मी एकटा निघालो मिरजोळ्याला काजूच्या कारखान्यात सुपरवायझर. घराण्याला डागच म्हणा! म्हणून आमचा सुहास बारावीनंतर म्हणाला, "बाबा, मी फौजेत जातो," तेव्हा रेणुका, म्हणजे आमची ही, डोळ्यांना पदर लावून आत गेली, आणि माझी छाती फुगली. चांगली पाच सेंटिमीटर! भरतीला तेवढीच फुगवावी लागते हे मला नंतर कळलं. म्हणजे मी त्या दिवशी पडवीत बसल्या बसल्याच पास होतो.

पण आता भरती म्हणजे आजोबांच्या वेळची राहिली आहे का? आता चार वर्षांची. चार वर्षं झाली की चारातला एक ठेवणार, बाकीचे तीन घरी. पेन्शन नाही. काही रक्कम हातात, एक कडक सलाम आणि परतीची गाडी. आमच्या शेजारचा अली अर्धं आयुष्य दोहाला काढून आलाय, तो मधल्या दगडी गडग्यावरून वाकून म्हणतो कसा, "सहदेवभाय, थोड्या वर्षांचा व्हिसा तर आमचा शेख पण देतो... पण तो रिन्यू करतो हो!"

मी म्हटलं, अली, चारातला एक म्हणजे आमचा सुहासच. बाकीचे तिघं कोण ते त्यांच्या बापांनी बघावं.

मग गेलो रावजी हवालदारांकडे. हे फौजेतून रिटायर होऊन भाट्याला सुरूच्या बनात पोरांना भरतीसाठी पळवतात. मी जयभीम घातला, त्यांनी सुहासला पुळणीत, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, एक फेरी पळवला, मिशीला पीळ दिला आणि म्हणाले, "सहदेव, पोरगा दमाचा आहे. पर आळशी है! इसको पाठ चाहिये."

"पाठ? पाठीला काय झालं त्याच्या?"

"त्याच्या नाही रे, पुढे पळणाऱ्याची! दुसऱ्या पोरांच्या मागे हा रमतगमत शिंपले गोळा करत येईल. पण बाप पुढे गेलेला कुठल्या पोराला सहन होतो? उद्यापासून तू पुढे."

आता बघा हं, गंमत बघा. मी पुढे, तो माझ्या मागे दोन हातांवर. मी हळू तर तो हळू. मी जोरात तर तो जोरात. मला मागे टाकून जाईल म्हणता? नाव नाही! बापाच्या पुढे जायचं म्हणजे आगाऊपणा, असले संस्कार आम्हीच केलेले. म्हणजे सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत पळायचे कोणी? मी! पन्नाशीच्या सुपरवायझरने! ओली पुळण एकवेळ परवडली, पण सुकी पुळण म्हणजे चुलत्याशी चाललेला जमिनीचा दावा. पाय कितीही टाका, जागा तीच. आणि मागून हवालदार शिट्टी फुंकत, "ए सहदेव! कोळंबी निवडायला आलास काय? चल, उचल पाय!"

खाण्याचं तर विचारू नका. हवालदार म्हणाले, म्हशीचं दूध पाजा. म्हणून चांदेराईहून कमळा आणली. कमळा म्हणजे म्हैस. दोन दिवस सुहास प्याला, तिसऱ्या दिवशी त्याचं पोट म्हणालं, बस. आता एवढ्या दुधाचं करायचं काय? मी प्यालो! अंड्यातलं पांढरं तो खायचा, पिवळं माझ्या ताटात. नाचणीची आंबील त्याच्यासाठी करायची, त्याने नाक मुरडायचं आणि मी तांब्या रिकामा करायचा. पँटी ढिल्या झाल्या, गालाची हाडं वर आली, कारखान्यात काजू सोलणारी येसूबाई सगळ्यांसमोर विचारते, "साहेब, लगीन ठरलाय काय तुमचा?" मला काही वाटलं नाही.

भरती वर घाटावर. लेखी पास झालेला होता, मोजमाप झालं, राहिलं पळणं. मैदानाला चारी बाजूंनी दोऱ्या बांधलेल्या, आत फक्त उमेदवार, बाहेर आम्ही बाप लोक सतरंज्या टाकून. सुहास रेषेवर उभा राहिला आणि मागे वळून माझ्याकडे बघायला लागला. खुणेने विचारतो, पाठ? मी खुणेने सांगितलं, अरे पुढे शंभर पाठी आहेत, घे त्यातली एखादी! तर मान हलवतो, नाही जमणार. चेहरा असा, की लहानपणी पहिल्या दिवशी शाळेत सोडलं होतं तेव्हाचा.

शिट्टी झाली. मी काय करणार? चपला काढल्या आणि दोरीच्या बाहेरून सुटलो!

आतला गोल चारशे मीटरचा. बाहेरचा किती मोठा हो? भूमितीत मी दोनदा नापास, पण त्या दिवशी पायांनी सगळी भूमिती सोडवली. सतरंज्यांवरून उडी, कोणाच्या तरी डब्यातल्या पोळीवर पाय, वडापावच्या गाडीला वळसा, एका बैलाने शिंग रोखलं तर त्याला सांगितलं, "नंतर, नंतर!" एक आजीबाई ओरडतेय, "अरे धरा त्याला, काय चोरलं बघा!" आणि आत तीनशे पोरांमध्ये आमचा सुहास, नजर दोरीबाहेर माझ्या पाठीवर, दोन हातांचं अंतर कायम! शेवटच्या फेरीला मी एवढा जोरात सुटलो की शर्ट मागून येत होता. खोटं वाटेल तुम्हाला. सगळ्यांना वाटतं.

रेषा ओलांडली आणि मी पडलो. वर बघतो तर एक सुभेदारसाहेब. "चाचा, आप कौन से बैच के हो?"

म्हटलं, "साहब, बाप बैच!"

ते मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाले, "बीस साल पहले क्यूं नहीं आये?" सुहास पास झाला होता. मला काही वाटलं... नाही, हे खोटं. तेव्हा वाटलं होतं. तेव्हा आतलं वाटायचं यंत्र चालू होतं.

पोरगा गेला. रेणुका म्हणाली, "आता थांबा जरा, सकाळी झोपा." झोपतोय कसला! फटफटलं की पाय आपले खाटेवरून खाली. सरकारचं ट्रेनिंग तिकडे चालू आणि इकडे माझं संपतच नाही. हवालदारांनी तर मला बाकीच्या पोरांपुढेही लावला. भाट्याच्या पुळणीत माझ्या पाठीमागून किती पोरं फौजेत गेली! पण माझं तोंड त्यातल्या एकानेही नीट पाहिलेलं नाही. बाजारात समोरून येतात, ओळख देत नाहीत. मी वळून चालायला लागलो की मागून हाक, "अरे! नमस्कार काका!"

आणि मग आलं चौथं वर्ष.

सुहासच्या खोलीत चार खाटा. एक बिहारचा, एक पंजाबचा, एक साताऱ्याचा आणि हा. पहिली तीन वर्षं फोन केला की मागे नुसता दंगा, कोणीतरी गातोय, कोणीतरी याचा मोबाईल ओढतोय, "पापाजी, म्हैस कैसी है?" चौथ्या वर्षी फोन केला की शांतता. मी म्हटलं, "अरे, गेले कुठे सगळे?" तर म्हणाला, "इथेच आहेत, बाबा. चहा प्यायला बसलोय." कोणी कोणाशी भांडत नव्हतं हो, उलट एकमेकांचे बूट पॉलिश करून ठेवायचे. चौघांनाही माहीत होतं ना, चारातला एक. मी विचारलं, "तुला काय वाटतं, तुझं होईल?"

मग म्हणाला, "मला काही वाटत नाही, बाबा."

ते वाक्य त्याचं. मी उचललंय.

ठेवला साताऱ्याच्या पोराला. निघताना त्याने सुहासची ट्रंक गाडीपर्यंत उचलून आणून दिली. इकडे रेणुकाने बांगड्याचं तिखलं केलं, म्हणाली, "बरं झालं, घरी आला माझा." आणि गोठ्यात जाऊन कमळेच्या मानेवरून हात फिरवत बसली, जेवायला बोलवावं लागलं.

मग रांग लागली! भरतीला नव्हती एवढी. अली म्हणतो, "सहदेवभाय, तयार माणूस, ट्रेनिंगचा खर्च नाही, शेख डोळे मिटून घेईल!" बँकेवाला म्हणतो, एटीएमसमोर बसवतो. बागवाला म्हणतो, आंब्यावर माकडं फार आलीत, घ्या त्याला. ज्याने बर्फात रात्री काढल्या, डोळे बांधून बंदूक खोलून पुन्हा जोडली, तो सगळ्यांना आयता हवा. आणि आमचे कारखान्याचे मालक मला केबिनमध्ये बोलावून, खुर्ची देऊन, "सहदेवराव, बाहेर कशाला? आपल्याच गेटवर ठेवू!"

ठेवला.

आता काजूचा कारखाना, तुम्हाला माहीत आहे, सुटताना गेटवर प्रत्येकाचा डबा उघडून बघतात, खिसे चाचपतात. मला कोणी कधी तपासलं नव्हतं, मी सुपरवायझर. पहिल्या संध्याकाळी मी आपला ऐटीत रांगेच्या बाजूने निघालो. कडक इस्त्री, ताठ मान, समोर बघत आमचे चिरंजीव म्हणतात, "रांगेत या."

"अरे सुहास, मी..."

"रांगेत या."

आलो. डबा उघडला. भाजीचा वास घेतला. पोळीखाली बघितलं. खिसे तपासले, वरचा, खालचा, मागचा. मागे येसूबाई सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशी, "बरोबर करता हो पोर! बापाला सोडल्यान तर आमाला कशाला धरायचा?" मी हात वर करून उभा. त्याने डबा बंद करून माझ्या हातात दिला, आणि ओठ न हलवता, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला, "शर्टाचं बटण तुटलंय. आईला सांगा."

मी घरापर्यंत चालत आलो. रिक्षा थांबत होत्या, घेतली नाही. मला काही वाटलं नाही.

घरात हसणं असं नव्हतंच. सुहास जेवायचा, झोपायचा, गेटवर जायचा. सकाळी उठून खाटेवर ताठ बसायचा आणि भिंतीकडे बघायचा. मी दाराशी उभा राहून विचारायचो, "येतोस पुळणीत?" मान हलवायचा. नाही.

गेल्या रविवारी मात्र शिट्टी वाजली. अंगणात! मी धडपडत बाहेर, रेणुका पदर खोचत बाहेर, बघतो तर हा बूट घालून उभा. "आई, डॉक्टरांनी तुला चालायला सांगितलंय आणि तू ऐकत नाहीस. बाबा, तुम्ही डावा पाय ओढताय, मी रोज गेटमधून बघतोय. आजपासून घरातच भरती. लाइनीत उभे राहा!"

राहिलो उभे. रेणुका विचारते, "आणि पगार रे?"

"दोन वेळचं जेवण."

"पेन्शन?"

"नाही."

"आणि चार वर्षं झाली की?"

तो थांबला. मला वाटलं, गेलं, आता परत खाटेवर जाऊन बसणार. पण ओठाचा एक कोपरा हलला, मग दुसरा, आणि म्हणाला, "चारातला एक ठेवणार, आई!" आणि हसला हो! आल्यापासून पहिल्यांदा. रेणुका हसली, गडग्यापलीकडे अली उगाचच हसला. मग निघालो भाट्याला, तर या वेळी तो पुढे आणि मी मागे. जन्मात पहिल्यांदा मला कळलं की पुढची पाठ म्हणजे काय चीज असते. हुबेहूब माझी आहे. मी दोन हातांचं अंतर सोडलं नाही.

पण पळता पळता डोक्यात आलं, चारातला एक... अरे, पण घरात चार आहेत कुठे? मी, रेणुका, सुहास. तीनच. हिशेब लागेना. घरी आलो, अंगणात पाय ठेवला, आणि गोठ्यातून कमळा हंबरली.

झाले चार.

आता तुम्हीच सांगा. रेणुकाला शुगर. माझा डावा पाय. सुहासला एकदा काढलेलाच आहे. दूध देते ती एकटी. चार वर्षांनी या घरात कोण राहणार हे मला आजच दिसतंय, आणि रोज सकाळी तिला चारा मी स्वतःच्या हाताने घालतोय.

मला काही वाटत नाही.